साठा एक, आकडे दोन: अनेक फाइल्सच्या पायथन प्रोग्रॅममधले क्लासचे घोळ कसे शोधायचे

किराणा दुकानाचा एक छोटा बिलिंग प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणा. पायथनमध्ये लिहिलेला, विंडो आणि बटणं टीकेइंटरची (काही जण ‘टकिंटर’ म्हणतात, तेच हे). साखर 40 किलो आहे. गिऱ्हाईक 5 किलो घेतं, बिल बनतं, बिलाच्या विंडोत शिल्लक 35 दिसते. रिपोर्टची विंडो उघडली तर तिथे अजून 40! कुठे लाल अक्षरं नाहीत, प्रोग्रॅम बंद पडलेला नाही. दुकानदार रिपोर्ट बघून माल मागवत असेल तर काही दिवसांनी त्याच्या लक्षात येईल की गोणी रिकामी आहे आणि स्क्रीनवर मात्र साखर भरपूर आहे.

हाच प्रोग्रॅम एका फाइलमध्ये होता तेव्हा नीट चालायचा. मग फाइल सातशे-आठशे ओळींची झाली, सरांनी किंवा टीम लीडने सांगितलं ‘वेगवेगळ्या फाइल्स करा’, आणि क्लास कापून नव्या फाइल्समध्ये टाकले. कोड तोच, तरी वागणं बदललं. कारण फाइल बदलली की ‘हा ऑब्जेक्ट कोणी बनवला, कधी बनवला, किती वेळा बनवला’ हे बदलतं. क्लासचे बहुतेक घोळ शोधताना हे तीन प्रश्न आधी विचारायचे. कोड वाचत बसणं नंतर.

आपल्या उदाहरणात चार फाइल्स आहेत: मेन, स्टॉक, बिल आणि रिपोर्ट. स्टॉक फाइलमध्ये ‘साठा’ नावाचा क्लास, बिल फाइलमध्ये ‘बिलविंडो’, रिपोर्ट फाइलमध्ये ‘रिपोर्टविंडो’. मेन फाइल सगळं सुरू करते. इथे मी कोड देवनागरीत लिहितोय. क्लास, व्हेरिएबल आणि फंक्शनला देवनागरी नावं पायथन 3 मध्ये खरोखर चालतात, करून बघा. मात्र इम्पोर्ट, क्लास, डेफ असे भाषेचे स्वतःचे शब्द, __इनिट__ सारखी ठरलेली नावं आणि लायब्ररीतली नावं रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

इम्पोर्ट म्हणजे कॉपी-पेस्ट नाही

इम्पोर्ट लिहिलं की त्या फाइलमधला मजकूर इथे येऊन चिकटतो, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. पायथन ती फाइल वरपासून खालपर्यंत एकदा चालवतो, त्यातून जे तयार झालं त्याचं एक मॉड्यूल बनवतो आणि सिस मॉड्यूलमधल्या ‘मॉड्यूल्स’ नावाच्या डिक्शनरीत त्या नावाने ठेवून देतो. दुसऱ्या फाइलने तेच नाव इम्पोर्ट केलं की फाइल पुन्हा चालत नाही, ठेवलेलं मॉड्यूलच मिळतं.

यातला महत्त्वाचा शब्द ‘नाव’ आहे. तीच फाइल दोन वेगळ्या नावांनी आत आली तर ती दोनदा चालते. तिच्यातले क्लास दोनदा बनतात आणि त्या दोन क्लासचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

एरर येतोय? मग काम सोपं आहे

लाल अक्षरं दिसली की घाबरायला होतं, पण एरर देणारा बग हा प्रामाणिक बग. ट्रेसबॅक खालून वर वाचा. शेवटची ओळ सांगते काय झालं, तिच्या वरची ओळ सांगते कुठे झालं, आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव असलेली सगळ्यात खालची ओळ सहसा कामाची असते. टीकेइंटरच्या आतल्या फाइल्सची नावं दिसली तर त्या उघडून बसू नका, वर सरका.

‘टाइपएरर: मॉड्यूल ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ आला तर तुम्ही ‘इम्पोर्ट स्टॉक’ लिहून नंतर ‘स्टॉक()’ केलंय. स्टॉक ही फाइल आहे, क्लास तिच्या आत आहे. ‘स्टॉक.साठा()’ लिहा किंवा ‘फ्रॉम स्टॉक इम्पोर्ट साठा’ करून ‘साठा()’ लिहा. सगळं एकाच फाइलमध्ये असताना स्वतःच्या क्लासबाबत हा एरर सहसा येत नाही, म्हणून फाइल्स वेगळ्या केल्यावर पहिल्याच दिवशी तो भेटतो.

‘मिसिंग 1 रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट’ हा जरा फसवा आहे. समजा ‘घटवा’ या मेथडला सेल्फ, नाव आणि वजन अशा तीन गोष्टी लागतात. तुम्ही ‘माल.घटवा("साखर", 5)’ लिहिलंय आणि एरर म्हणतो ‘वजन’ मिळालं नाही. समोर 5 लिहिलेलं दिसतंय, मग मिळालं कसं नाही? वर जाऊन बघा, तिथे ‘माल = साठा’ लिहिलेलं असेल, कंस न देता. ऑब्जेक्ट बनलाच नाही, माल हे क्लासचंच दुसरं नाव झालं. त्यामुळे "साखर" सेल्फच्या जागी गेली, 5 नावाच्या जागी गेलं आणि वजनाला काही उरलं नाही. तक्रार शेवटच्या आर्ग्युमेंटची, दोष पहिल्याचा.

‘टेक्स 1 पोझिशनल आर्ग्युमेंट बट 2 वेअर गिव्हन’ म्हणजे बहुतेक वेळा मेथडच्या व्याख्येत सेल्फ लिहायचा राहिला. ‘साठा() टेक्स नो आर्ग्युमेंट्स’ म्हणजे __इनिट__ चं स्पेलिंग चुकलं किंवा दोन अंडरस्कोरऐवजी एकच पडला. मोबाईलवर टाइप करताना हे फार होतं, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये दोन अंडरस्कोर एकमेकांना चिकटून एक लांब रेघ दिसते. आणि तुमचा क्लास टीकेइंटरच्या फ्रेमवरून बनवलेला असेल तर एरर येईलच असं नाही. तुमच्या इनिटऐवजी फ्रेमचा स्वतःचा इनिट गुपचूप चालतो आणि कोरी विंडो समोर येते. कोरी विंडो दिसली की आधी अंडरस्कोर मोजा.

फ्रेमवरून बनवलेल्या क्लासचा अजून एक ठरलेला एरर: ‘बिलविंडो ऑब्जेक्ट हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट टीके’. तुम्ही इनिट स्वतः लिहिला, पण त्यात ‘सुपर().__इनिट__(पेरेंट)’ ही ओळ टाकली नाही. मूळ फ्रेम तयारच झाली नाही, तर तिच्यावर बटण कुठून बसणार? ही ओळ इनिटमध्ये सगळ्यात वर ठेवायची सवय लावा.

आणि सगळ्यात लोकप्रिय: ‘नननटाइप ऑब्जेक्ट हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट गेट’. ‘सेल्फ.वजन = एंट्री(सेल्फ).पॅक()’ असं एका ओळीत लिहिलं की व्हेरिएबलमध्ये एंट्री येत नाही. पॅक काहीच परत देत नाही, त्यामुळे नन येतं. दोन ओळी करा: आधी एंट्री बनवा, मग पॅक करा. ग्रिडचंही तसंच.

गोल इम्पोर्ट, आणि त्याच्यावरचा घरगुती उपाय

मेन फाइल बिल फाइलमधून बिलविंडो घेते. बिल फाइलला माल हवा असतो आणि तो मेनमध्ये बनवलेला आहे, म्हणून बिल फाइल मेनला इम्पोर्ट करते. झालं वर्तुळ. पायथन 3.8 पासून यावर येणारा मेसेज बऱ्यापैकी स्पष्ट आहे: ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम ... फ्रॉम पार्शली इनिशिअलाइज्ड मॉड्यूल’, आणि पुढे कंसात ‘बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे’ अशा अर्थाचं वाक्य. म्हणजे फाइल अर्धी चालून थांबलीय आणि तुम्ही तिच्याकडे अजून न बनलेला क्लास मागताय.

यावर इंटरनेटवर आणि एआय चॅटबॉटकडून हमखास मिळणारा सल्ला: इम्पोर्टची ओळ वरून काढून फंक्शनच्या आत टाका. एरर जातो, आपण खूश. आता प्रोग्रॅम चालवून ‘सेव्ह’ बटण दाबा. बहुतेक वेळा अख्खी दुसरी विंडो उघडते, पहिलीसारखीच.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही मेन फाइल थेट चालवता तेव्हा पायथन तिला ‘मेन’ या नावाने ओळखत नाही. तिचं नाव असतं __मेन__, दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर. नंतर बिल फाइलने ‘फ्रॉम मेन इम्पोर्ट माल’ म्हटलं की पायथन त्याच्या डिक्शनरीत ‘मेन’ शोधतो. सापडत नाही. मग तो तीच फाइल नवीन समजून परत वरपासून चालवतो. नवीन साठा, नवीन विंडो, आणि शेवटी पुन्हा मेनलूप. तो दुसरा मेनलूप चालू असेपर्यंत इम्पोर्ट पूर्ण होत नाही, त्यामुळे सेव्हच्या फंक्शनमधल्या पुढच्या ओळी तोपर्यंत अडकून पडतात.

‘इफ __नेम__ == "__मेन__"’ ची अट घातली तर? विंडो बनवणारा कोड अटीच्या आत घेतला तर दुसरी विंडो उघडणार नाही. पण ‘माल = साठा()’ ही ओळ अटीच्या बाहेर राहिली असेल तर दुसरा साठा मात्र बनेल, आणि आता तो दिसणारही नाही. म्हणजे दिसणारा घोळ आपण लपवला. माझ्या मते हा उपाय आजारापेक्षा वाईट. नियम साधा ठेवा: मेन फाइल सगळ्यांना इम्पोर्ट करते, मेनला कोणीही इम्पोर्ट करत नाही.

असाच प्रकार फोल्डर केल्यावरही होतो. एका फाइलने ‘दुकान.स्टॉक’ असं इम्पोर्ट केलं आणि दुसरीने नुसतं ‘स्टॉक’, आणि दोन्ही रस्ते पायथनला सापडत असतील, तर एकाच फाइलची दोन मॉड्यूल्स तयार होतात. मग ‘इझइन्स्टन्स’ने तपासल्यावर साठ्याचा ऑब्जेक्ट साठ्याचा नाही असं उत्तर येतं आणि माणूस वेडा व्हायची पाळी येते. अशा वेळी ‘प्रिंट(टाइप(माल))’ करून पूर्ण नाव बघा. एकीकडे ‘दुकान.स्टॉक.साठा’ आणि दुसरीकडे ‘स्टॉक.साठा’ दिसलं की चोर सापडला.

साखर 40 की 35?

आता त्या न बोलणाऱ्या बगकडे येऊ. इथे ट्रेसबॅक नाही, म्हणून आपणच पुरावा तयार करायचा. ‘साठा’ क्लासच्या इनिटमध्ये पहिल्या ओळीला ‘प्रिंट("साठा बनला", आयडी(सेल्फ))’ टाका आणि प्रोग्रॅम चालवा. एका दुकानाला एकच साठा, म्हणजे ही ओळ एकदाच छापली गेली पाहिजे. दोनदा आली की निदान झालं.

आयडी हा त्या ऑब्जेक्टचा ओळख क्रमांक समजा. एकाच वेळी जिवंत असलेल्या दोन ऑब्जेक्टचा आयडी कधीच सारखा नसतो. (एक मेल्यावर त्याचा नंबर दुसऱ्याला मिळू शकतो, तेवढं ध्यानात असू द्या.) बिलविंडोत माल वापरताना एकदा आणि रिपोर्टविंडोत एकदा आयडी छापा. आकडे वेगळे असतील तर दोन विंडो दोन वेगवेगळ्या वह्यांमध्ये लिहितायत. एकीत 35, दुसरीत 40.

दुसरा साठा कोणी बनवला हे कसं कळणार? पायथनसोबतच येणारं ‘ट्रेसबॅक’ नावाचं मॉड्यूल आहे. त्यातलं ‘प्रिंट_स्टॅक()’ हे फंक्शन इनिटमध्ये लिहिलं की एरर नसतानाही ट्रेसबॅकसारखी यादी छापली जाते: कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीने हा ऑब्जेक्ट बनवायला सांगितलं. मोबाईलवरच्या पायथन अ‍ॅपमध्येही हे चालतं. लॅपटॉपवर व्हीएस कोड असेल तर इनिटच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा, डीबग मोडमध्ये चालवा आणि डावीकडचा ‘कॉल स्टॅक’ बघा. तिथे त्या त्या ओळीवर क्लिक करून जाता येतं, ते जास्त सोयीचं.

बहुतेक वेळा सापडतं ते असं: मेनमध्ये ‘माल = साठा()’ आहे, आणि रिपोर्टविंडोच्या इनिटमध्येही कोणीतरी ‘सेल्फ.माल = साठा()’ लिहिलंय. लिहिणाऱ्याला वाटलं की साठा वापरायचा म्हणजे असंच लिहायचं असतं. पण कंस असलेली ती ओळ ‘साठा आण’ म्हणत नाही, ‘नवीन साठा बनव’ म्हणते.

दुरुस्ती सोपी आहे. मेनमध्ये साठा एकदाच बनवा आणि ज्याला लागेल त्याच्या हातात द्या: ‘बिलविंडो(रूट, माल)’ आणि ‘रिपोर्टविंडो(रूट, माल)’. विंडोच्या इनिटमध्ये ‘सेल्फ.माल = माल’, बस. मोठ्या पुस्तकांत याला डिपेंडन्सी इंजेक्शन असं भारदस्त नाव आहे. याने मघाचं वर्तुळही तुटतं, कारण आता बिल फाइलला मेनकडे मागायला जावं लागत नाही. काही जण इथे सिंगलटन पॅटर्न सुचवतात. छोट्या प्रोग्रॅमला त्याची गरज नसते, आणि साठा किती वेळा मागितला जातोय हे त्याने झाकलं जातं.

दुसरा चालणारा मार्ग म्हणजे स्टॉक फाइलच्याच तळाशी ‘माल = साठा()’ लिहायचं आणि बाकीच्यांनी ‘फ्रॉम स्टॉक इम्पोर्ट माल’ करायचं. मॉड्यूल एकदाच चालतं, म्हणून साठाही एकच राहतो. पण इथे एक खड्डा आहे. ‘नवीन वर्ष सुरू’ अशा बटणामागे, मेन फाइलमध्ये, तुम्ही ‘माल = साठा()’ लिहिलंत तर मेनमधलं ‘माल’ हे नाव नव्या ऑब्जेक्टकडे वळतं, बिल आणि रिपोर्ट मात्र जुन्यालाच धरून बसतात. ‘ग्लोबल’ लिहूनही फरक पडत नाही, कारण ग्लोबल म्हणजे त्या फाइलपुरतं ग्लोबल. त्यामुळे साठा रिकामा करायचा असेल तर नवा ऑब्जेक्ट बनवू नका, क्लासलाच ‘रिकामा_कर’ अशी मेथड द्या आणि ती आतली डिक्शनरी ‘क्लिअर’ करेल.

आयडी सारखा आला आणि तरी 40 दिसतंय? मग ऑब्जेक्ट निर्दोष आहे. रिपोर्टविंडोने आकडा उघडताना एकदा वाचून लेबलवर लिहिलाय आणि नंतर बदललेला नाही. लेबल आपोआप ताजं होत नाही, बिल सेव्ह झाल्यावर त्याला सांगावं लागतं.

दोन टीके

फाइल्स वेगळ्या केल्या की प्रत्येक फाइल एकटी चालवून बघता यावी म्हणून प्रत्येकीत ‘टीके()’ लिहिलं जातं. टीके म्हणजे नुसती विंडो नाही, त्यामागे टीसीएल भाषेचा अख्खा वेगळा इंटरप्रिटर असतो. दोन टीके म्हणजे एकमेकांशी न बोलणारी दोन घरं.

लक्षण ओळखायला सोपं आहे. दुसऱ्या विंडोत वजन टाइप केलंय, तरी ‘स्ट्रिंगव्हार’चा गेट रिकामी स्ट्रिंग देतो. कारण पालक न सांगता बनवलेला स्ट्रिंगव्हार पहिल्या टीकेला चिकटतो आणि एंट्री मात्र दुसऱ्या घरात असते. चित्रांच्या बाबतीत थेट एरर येतो, ‘इमेज पायइमेज1 डझन्ट एक्झिस्ट’ असा. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये टीके एकदाच, मेनमध्ये. बाकी सगळ्या विंडो ‘टॉपलेव्हल’ने उघडा. फाइल एकटी तपासायची असेल तर तिचं टीके ‘इफ __नेम__’ च्या अटीत ठेवा.

उलटा घोळ: ऑब्जेक्ट वेगळे, यादी एकच

दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलात पहिल्याचं तेल आणि डाळ दिसतेय. आयडी छापून बघितले तर बिलाचे ऑब्जेक्ट खरंच दोन आहेत. मग यादीचा आयडी छापा, ‘आयडी(सेल्फ.ओळी)’. तो सारखा येईल.

क्लासच्या आत पण इनिटच्या बाहेर ‘ओळी = []’ लिहिलं तर ती यादी क्लासची होते, सगळ्या बिलांची मिळून एक. तसंच इनिटच्या आर्ग्युमेंटमध्ये ‘ओळी=[]’ असं डिफॉल्ट दिलं तर ती यादी फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच बनते आणि पुढे प्रत्येक बिलाला तीच मिळते. यादी इनिटच्या आत ‘सेल्फ.ओळी = []’ अशी बनवा. डिफॉल्ट हवंच असेल तर नन द्या आणि आत तपासून नवीन यादी करा.

फाइलचं नाव आणि गायब होणारा लोगो

तुमच्या फाइलचं नाव टीकेइंटर, रँडम किंवा कॅलेंडर असं पायथनच्याच एखाद्या मॉड्यूलचं असेल तर इम्पोर्टला तुमची फाइल मिळते, कारण चालवलेल्या फाइलचं फोल्डर यादीत सगळ्यात आधी शोधलं जातं. मग ‘टीके सापडत नाही’ असे चमत्कारिक एरर येतात आणि लोक पायथन परत इन्स्टॉल करत बसतात. पायथन 3.13 पासून मेसेजमध्येच नाव बदलायची सूचना येते. जुन्या आवृत्तीत ‘प्रिंट(टीकेइंटर.__फाइल__)’ करून रस्ता बघा, तो तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरचा निघाला तर फाइलचं नाव बदला.

राहिला दुकानाचा लोगो. फोटोइमेज बनवली, लेबलला दिली, एरर नाही, आणि तिथे रिकामी जागा. एका फाइलमध्ये तो दिसत होता, कारण इमेजचं व्हेरिएबल फाइलच्या वरच्या पातळीवर होतं आणि प्रोग्रॅम संपेपर्यंत जगत होतं. आता ते इनिटच्या आतलं साधं व्हेरिएबल आहे. इनिट संपला की इमेज धरून ठेवणारं कोणी उरत नाही, पायथन ती साफ करतो आणि लेबल हात चोळत बसतं. ‘लोगो = फोटोइमेज(...)’ ऐवजी ‘सेल्फ.लोगो = फोटोइमेज(...)’ लिहा आणि विंडोचा ऑब्जेक्टही मेनमध्ये एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.